बाजार पारखावा कसा? क्रॉफर्ड मार्केट ते पिला हाऊस : एक अभ्यासफेरी

हिशेबाच्या वह्या कशा ठेवाव्यात, उधारी कशी वसूल करावी, याविषयी आपल्या व्यापारी वर्गात पुष्कळ बोलले जाते. दुकानाची जागा कशी पारखावी यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही. माणूस जागा पाहायला जातो, समोर गर्दी दिसते, मन भरते आणि दुसऱ्या दिवशी बयाणा दिला जातो. कापडाचा ताका घेताना आपण तो उलगडतो, सूत ओढून पाहतो, उजेडात धरतो. ज्या जागेवर दहा-पंधरा वर्षांची रोजी अवलंबून असते, ती मात्र एका संध्याकाळी पाहून पसंत करतो. आम्हीही एकदा हेच केले होते. ती हकीकत पुढे येईल.

हे लिहिण्यास निमित्त झाले आमच्या भाच्याचे. मिरजेत आमच्या आपांचा हा मुलगा जनान्या कपड्यांची शिलाई करतो. हात उत्तम आहे. लग्नसराईत त्याच्याकडे महिना-महिना आधी कपडा टाकावा लागतो. त्याला एका नव्या व्यापारी संकुलात पहिल्या मजल्यावर गाळा सांगून आला. वर सिनेमाचे तीन पडदे, खाली खाण्यापिण्याची दुकाने. अनामत नऊ लाख, भाडे बावीस हजार. आपांनी बांगड्या मोडायची तयारी केली होती. भाचा आम्हाला म्हणाला, "मामू, संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते, तुम्ही फक्त एकदा येऊन बघा." आम्ही म्हटले, बघू; पण त्याआधी तू आमच्याबरोबर मुंबईला चल. आम्ही तीस वर्षे मुंबईला माल भरायला जातो. जो इलाका आम्हाला शाळेसारखा उपयोगी पडला, तो तुला दाखवतो.

महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला सोडते. तेथून क्रॉफर्ड मार्केट चालत दहा-पंधरा मिनिटांवर. पहिला धडा येथेच मिळतो, कारण कापडबाजार त्या वेळी झोपलेला असतो. अकराच्या आत गादीवर कोणी बसत नाही. बाहेरगावचा व्यापारी घाईने पोहोचतो आणि फूटपाथवर ताटकळतो. भाच्याला आम्ही तेवढ्या वेळात मार्केटची इमारत दाखवली. ती १८६९ साली पूर्ण झाली. आराखडा विल्यम इमर्सन यांचा, दारावरील कोरीव शिल्पे लॉकवूड किपलिंग यांची. शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव तिला मिळाले, आज ती महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. शिल्पांत शेतकरी आणि बाजारकरी कोरलेले आहेत. रोज हजारो लोक त्यांच्याखालून जातात आणि कोणी मान वर करत नाही. आम्हीही पहिली दहा वर्षे केली नव्हती.

या मंडईचा इतिहास व्यापाऱ्याने मुद्दाम समजून घ्यावा. फळांचा घाऊक बाजार १९९६ च्या सुमारास वाशीला गेला. पेट्यांचे ट्रक गेले, त्यांच्यामागे येणारे खरेदीदार गेले. पुष्कळांना वाटले की आता येथे काय उरणार? परंतु मंडई मेली नाही. किरकोळ फळे राहिली, आणि सुका मेवा, परदेशी चॉकलेटे, केक बनवण्याचे सामान, सौंदर्यप्रसाधने, पार्टीची सजावट असा माल वाढला. गर्दीचे एक कारण गेले तेव्हा ज्यांनी दुसरे कारण उभे केले, ते टिकले. जे वाट पाहत बसले त्यांच्या गाळ्यांवर आज दुसऱ्यांच्या पाट्या आहेत.

अकरा वाजता आम्ही रस्ता ओलांडून मंगलदास मार्केटमध्ये शिरलो. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वर छप्पर, खाली अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना ताक्यांच्या भिंती. रुबिया, केंब्रिक, अस्तर, जॉर्जेट, ड्रेस मटेरियल. जवळच मुळजी जेठा मार्केट आहे, ते घाऊकवाल्यांचे. लगतच जुमा मशीद आहे. १७७५ ते १८०२ या काळात ती एका तलावावर बांधली गेली आणि तिच्या पोटात ते पाणी आजही आहे. जुहरच्या वेळी बाजाराचा एक भाग उठून तिकडे जातो आणि वीस मिनिटांत परत येतो. त्या वीस मिनिटांत दुकानांत जे गिऱ्हाईक उभे राहून वाट पाहते, ते पक्के समजावे. जे पुढच्या दुकानात सरकते, ते भाव विचारायला आलेले असते.

येथे भाच्याला आम्ही एक काम दिले. म्हटले, पंधरा मिनिटे या तोंडाशी उभा राहा, आत जाणारी माणसे मोजू नकोस, बाहेर येणारी मोज. आणि त्यांतही हातात भरलेली पिशवी घेऊन येणारी वेगळी मोज. तो हसला, पण उभा राहिला. त्याचा आकडा असा आला : बाहेर आलेले १४२, भरलेल्या पिशवीचे ७९. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसे पैसे मोडून निघाली होती. मग आम्ही त्याला रस्त्यापलीकडे, जेथून लोक स्टेशनकडे वाहत असतात, अशा ठिकाणी उभे केले. तेथे पंधरा मिनिटांत तो चारशेच्या पुढे गेला आणि नवीन पिशव्या तीसही भरल्या नाहीत. गर्दी दुसऱ्या जागी तिप्पट, व्यापार पहिल्या जागी. तो गप्प झाला. आम्हीही अधिक बोललो नाही, कारण भूक लागली होती.

दुपारी अब्दुल रहमान स्ट्रीटला गेलो. येथे घड्याळे, वह्या-कागद, पॅकिंगचा माल, लग्नपत्रिका. पुढे नागदेवीला यंत्रांचे भाग, लोहार चाळीत विजेचे सामान. एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बटण, लेस आणि गोट्याचा एक व्यापारी आमचा जुना परिचित आहे. खाली पाटी नाही. जिना असा की वरून हमाल आला तर आपण भिंतीला चिकटायचे. तरीही वर सात गिऱ्हाइके बसलेली होती, त्यांत एक नाशिकची, एक थेट बेळगावची. भाच्याने विचारले, "यांना रस्त्यावरची जागा का नको?" त्या भल्या माणसाने उत्तर दिले की रस्त्यावर बसलो तर दिवसभर एक-एक बटण विकावे लागेल. आमच्या मते त्या दिवसाची मजुरी या एका वाक्यात वसूल झाली.

व्यापार दोन जातींचा असतो. एक वाटेवरचा : चहा, रुमाल, मोबाईलचे कव्हर, चप्पल, मुलांचे खेळणे. माणूस दुसऱ्याच कामाला निघालेला असतो, नजर पडते आणि तो घेतो. दुसरा ठरवून येण्याचा : लग्नाचा कपडा, दागिना, यंत्राचा भाग, शिलाई, वाद्य. त्यासाठी माणूस घरून निघतानाच तुमचे नाव घेऊन निघतो. पहिल्याला रस्त्याचे तोंड पाहिजे आणि तो त्यासाठी भाडे मोजू शकतो. दुसऱ्याने त्याच तोंडासाठी तेवढेच भाडे मोजले, तर तो दुसऱ्याच्या गर्दीचे पैसे भरतो. आमच्या मिरजेतच पाहा. सतार आणि तंबोरा बनवणाऱ्या कारागिरांची गल्ली कोणत्या बाजारपेठेच्या तोंडावर आहे? तरी देशभरचे गवय्ये ती शोधत येतात. २०२४ साली या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. भोपळ्याला सिनेमाची गर्दी लागत नाही.

तेथून मोहम्मद अली रोडवर आलो. डोक्यावर २००२ साली झालेला लांबलचक उड्डाणपूल. कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी असे त्याचे नाव, लोक जे. जे. पूल म्हणतात. त्याने मोटारी बाजाराच्या वरून नेल्या. पूर्वी जो मोटारवाला कोंडीत अडकून दुकानाच्या पाट्या वाचत असे, तो आता वरून जातो. पूल होत असताना या रस्त्यावरचे आमचे ओळखीचे लोक फार घाबरले होते. काहींचा धंदा बसलाही. पण अत्तर, टोप्या, किताबे, लुंगी, खजूर, बेकरीचा माल यांची गिऱ्हाइके कधी मोटारीतून वाचून आलीच नव्हती. ती पायी येत होती आणि पायीच येत राहिली. तुमच्या समोरून जाणारा कोण आणि तुमच्याकडे येणारा कोण, हे पूल होण्याआधी ठाऊक असावे.

रमजानातील मिनारा मशिदीजवळची गर्दी सर्वांना माहीत आहे. इफ्तारपासून सेहरीपर्यंत मालपुवा, फिरनी, कबाब. शहराच्या सर्व भागांतून, सर्व समाजांचे लोक येतात. ती पाहून पुष्कळ तरुणांना वाटते की येथे महिनाभर कपड्याचा ठेला लावावा. त्यांना आम्ही सांगतो की खाणाऱ्याचे हात तुपाचे असतात, तो कापडाला हात लावत नाही. शिवाय हंगामाचे गणित वेगळे आहे. शिवायचा कपडा रमजानच्या आधी आणि पहिल्या आठ-दहा दिवसांत विकला जातो, कारण त्यानंतर शिलाईवाला नवे काम घेत नाही. तयार कपडे, चपला, बांगड्या शेवटच्या दहा दिवसांत निघतात. गर्दी महिनाभर असली तरी प्रत्येक मालाचे दिवस मोजकेच. चौदाव्या रोजाला ड्रेस मटेरियलचा भरगच्च साठा घेऊन बसलेला माणूस आम्ही पाहिला आहे. त्याच्याभोवती सर्वांत जास्त गर्दी होती.

पुढे भेंडीबाजार. सुमारे साडेसोळा एकरांवर जुन्या चाळी पाडून मनोरे उभारण्याचे काम येथे चालू आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये याच वस्तीत एक जुनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा नवे बांधकाम नको असे कोणी म्हणणार नाही. पण दुकानदाराचा प्रश्न वेगळा असतो. काही वर्षे तात्पुरत्या जागेत बसायचे आणि मग नव्या इमारतीत परत यायचे. तोपर्यंत गिऱ्हाइकाचे पाय दुसऱ्या वाटेला लागलेले असतात. ज्यांनी जागा सोडताना गिऱ्हाइकांची नावे आणि फोन वहीत लिहून घेतले होते, त्यांचे हाल कमी झाले. एका जरीवाल्याने तर वीस वर्षांच्या पावत्यांवरून ही वही तयार केली. चोरबाजाराकडे भाच्याची ओढ होती, पण तेथे गेलो असतो तर संध्याकाळ तेथेच गेली असती.

आम्हाला त्याला पिला हाऊस दाखवायचे होते. ग्रँट रोडचे आजचे नाव मौलाना शौकत अली रोड. एका भावाच्या नावाच्या रस्त्याने निघून आपण दुसऱ्या भावाच्या नावाच्या रस्त्यावर येतो. तेथे फॉकलंड रोड मिळतो, त्याला तमाशाचे शाहीर पठ्ठे बापूराव यांचे नाव दिले आहे. 'प्ले हाऊस'चे लोकांनी पिला हाऊस केले. ग्रँट रोडचे नाटकगृह १८४६ मधले. आमच्या शेजारच्या सांगलीचे विष्णुदास भावे १८५३ साली आपली मंडळी घेऊन येथे आले आणि त्याच वर्षी पारशी मंडळींनीही येथे नाटक सुरू केले. मग उर्दू नाटके आली, त्यामागे सिनेमा आला. अल्फ्रेड, गुलशन, रॉयल, निशात अशी थिएटरांची रांगच लागली. आणि त्यांच्या भोवती चहाची हॉटेले, पानाच्या गाद्या, शिंपी, चपलांची दुकाने, फोटो काढणारे.

ही सगळी दुकाने ज्या माणसावर चालत, तो कोण होता? गोदीतला, गिरणीतला, कारखान्यातला मजूर; कुटुंब गावी, पगार हातात, संध्याकाळ रिकामी. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि पुष्कळ गिरण्या पुन्हा कधी नीट चालल्याच नाहीत. त्याच दशकात व्हिडिओ आला, पुढच्या दशकात घरोघरी केबल. थिएटरची पाटी तीच होती, भिंती त्याच होत्या, पण गर्दीच्या मुळाशी असलेला माणूस निघून गेला होता. मग जुन्या रांगेतील एकेक पडदा बंद होत गेला आणि शेजारचे शटरही खाली आले. पानवाला कितीही सज्जन असो, त्याचा हिशेब थिएटरच्या वहीत लिहिलेला होता.

येथे रस्त्याच्या कडेला उभे राहून आम्ही भाच्याला आमची हकीकत सांगितली. १९९६ साल. आम्ही आणि आमचे मोठे भाई, दोघांनी मिळून आमच्या जिल्ह्यातील एका गावात टॉकीजसमोर तयार कपड्यांचा गाळा घेतला. पागडी एक लाख साठ हजार. जागा पाहायला गेलो तो ईदचा आठवडा होता, नवा सिनेमा लागलेला, तिन्ही खेळ भरलेले. आम्ही तीन दिवस गर्दी पाहिली आणि खूश झालो. साधा मंगळवार एकही पाहिला नाही. आतला चहावाला दहा वर्षांचा होता, त्यालाही विचारले नाही. त्याने नंतर सांगितले की इतर दिवशी सहाच्या खेळाला पन्नास माणसे नसतात. जी माणसे येत, ती मध्यंतरात बनियन आणि रुमाल घेत. आमच्याकडे भारी शर्टांचा साठा. पाच वर्षे ओढत नेले. २००१ साली टॉकीज बंद पडली. गाळा सोडताना सत्तर हजार मिळाले. पागडीची पावती नव्हती, त्यामुळे भांडायलाही तोंड नव्हते. भाईंनी त्यानंतर दोन वर्षे दुसऱ्याच्या गादीवर नोकरी केली. त्यांनी आम्हाला त्याबद्दल एक शब्द कधी ऐकवला नाही, आणि तेच आम्हाला जास्त लागते.

पावतीचा विषय निघाला म्हणून येथेच सांगून टाकतो. १९४७ च्या जुन्या भाडे कायद्यात पागडी घेणे गुन्हा होता, त्यामुळे ती कागदावर येतच नसे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ५६ ने अशी रक्कम घेण्या-देण्याला मुभा दिली. कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह-लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. तेव्हा "आपापसांत समजून घेऊ" म्हणणाऱ्या मालकाला हसून नमस्कार करावा.

रात्री परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून टॅक्सीने मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरापर्यंत गेलो. १९५८ चे हे थिएटर. १९६० साली 'मुगल-ए-आझम' येथे लागला तेव्हा तिकिटासाठी लोक दिवस-दिवस रांगेत राहिले. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' येथे १९९५ पासून लागला. २०१४ च्या डिसेंबरात त्याचे एक हजार आठवडे पूर्ण झाले आणि त्यानंतरही तो चालूच राहिला. भाचा म्हणाला, मग इथे तर थिएटरने गर्दी टिकवली! आम्ही त्याला मागे वळायला सांगितले. समोर रेल्वेचे स्टेशन, बाजूला एस. टी.चा डेपो. गाडीला चार तास असलेला मुसाफिर, हातात सामान, स्वस्त तिकीट, बसायला खुर्ची. या थिएटरला गर्दी स्टेशन देते. स्टेशन उठून वाशीला जात नाही.

मग त्याच्या संकुलाविषयी बोललो. नव्या पद्धतीच्या सिनेमात माणूस तळघरात गाडी लावतो, लिफ्टने थेट वर जातो, खाणे आत घेतो आणि लिफ्टनेच खाली येतो. पहिला मजला त्याच्या वाटेत येतोच असे नाही. पिला हाऊसच्या प्रेक्षकाला निदान दुकानासमोरून चालावे तरी लागत होते. आणि ज्या बाईला लग्नाचा शरारा शिवायचा आहे, ती सिनेमाच्या वेळेला माप द्यायला येईल का? ती सकाळी अकराला येईल, आईला आणि नणंदेला घेऊन येईल, तिला बसायला गादी आणि आडोसा पाहिजे. भाच्याने उत्तर दिले नाही. गाडीत वरच्या बाकावर तो बराच वेळ जागा होता.

मिरजेस आल्यावर त्याने स्वतःहून एक केले, ते आम्ही सांगितलेही नव्हते. लागोपाठ तीन मंगळवारी दुपारी चार ते सव्वाचार तो त्या संकुलाच्या जिन्यापाशी उभा राहिला. आकडे त्याने आम्हाला कागदावर आणून दिले. पहिल्या मंगळवारी वर गेलेले ६१, नवी पिशवी घेऊन उतरलेले ४. दुसऱ्या मंगळवारी ४७ आणि २. तिसऱ्या मंगळवारी पाऊस होता, तेव्हा ५५ आणि ७. पण त्यांतील तिघांच्या पिशवीत वडापाव होता, असे त्याने प्रामाणिकपणे बाजूला लिहिले आहे. पहिल्या मजल्यावर सहा महिन्यांपूर्वी उघडलेल्या चार गाळ्यांपैकी एकाचे शटर अर्धे होते. आतल्या माणसाने, विचारल्यावर, आपला गाळा कोणी घेणार असेल तर सांगा असे म्हटले.

दवाखान्यांच्या भागात, एका बोळात तळमजल्यावर, एक जुना गोदामाचा गाळा आहे. खेड्यापाड्यांतून रोग्यांबरोबर आलेल्या बायका तेथे दिवसभर वेळ काढत असतात आणि त्यांतील पुष्कळ जणी भाच्याच्या जुन्या गिऱ्हाईक आहेत. भाडे आठ हजार, अनामत दीड लाख, मालक नोंदणीकृत कराराला राजी आहे. फक्त पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल येते, तिचा खर्च कोणी करायचा यावर बोलणे अडले आहे. भाच्याने भिंतीचा अर्धा खर्च देऊ केला आहे. शुक्रवारी उत्तर मिळायचे आहे. आपांच्या बांगड्या तूर्त कपाटात आहेत.